वेळेचा रकाना

रजिस्टर त्यानं सहज म्हणून उघडलं. उघडायची तशी काही गरज नव्हती. सर्व्हरवरच्या माहितीची प्रत टेपेवर उतरवणारं नवीन टेपमशीन खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं होतं, जाडजूड केबल सोडवून ठेवली होती, पण आता गुडघे मोडून कपाटासमोर खाली बसायचं अगदी जिवावर आलं होतं, आणि दोन घटका उभं राहायला काहीतरी निमित्त हवं होतं, एवढंच. वय चौपन्न. सर्व्हरची कपाटं बनवणारे लोक नेमकी जमिनीलगतच सगळी महत्त्वाची यंत्रं का बसवतात, हे कोडं त्याला तीस वर्षांत सुटलं नव्हतं. तर रजिस्टर. निळ्या शाईत, एकसारख्या गोल अक्षरात आखलेले पाच रकाने : तारीख, टेपचा नंबर, हिरवी खूण आली का, लागलेला वेळ, सही. खूण आली, खूण आली, खूण आली. वेळेच्या रकान्यात दोन मि. खाली दोन मि. त्याखाली दोन मि. त्यानं पान उलटलं. दोन मि. मग पाच-पंचवीस पानं एकदम उलटली. तिथेही तेच. खालच्या फळीवर याच रजिस्टरची आणखी सात भावंडं ओळीनं उभी होती. त्यातलं पहिलं काढून त्यानं पहिलं पान बघितलं. तिथेही दोन मि. दोन मिनिटांत एवढ्या सर्व्हरची टेप भरत नाही. ही कृत्रिम हातपाय बनवणारी कार्यशाळा. बारा हजार माणसांची मापं, फोटो, कुणाच्या पायाचा साचा कुठे किती घासला याच्या नोंदी, सगळं या एका सर्व्हरमध्ये. घाईनं म्हटलं तरी टेप भरायला तासभर. दोन मिनिटांत भरते ती रिकामी टेप, किंवा रिकाम्यासारखीच. आणि जुनं टेपमशीन अकरा वर्षांपूर्वी इथे बसवलं होतं ते त्यानंच.

"तुमचं मशीन फार झटपट हं, टेपवाले," दारातून आवाज आला. नोंदणीच्या बाई चष्मा कपाळावर चढवून उभ्या होत्या. "माझी बहीण त्या दुसऱ्या ऑफिसात आहे ना, तिचं मशीन दीड-दीड तास घरघरत असतं म्हणे. मी तिला म्हटलं, आमच्याकडे बटण दाबलं, पर्स आवरली, की झालं. आमच्या माणसानं चांगलं बसवून दिलंय."

तो हसला. हसला म्हणजे तोंडाचा तसा आकार केला. बाई आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांना बसायला त्या खोलीत तेवढंच होतं. बाकी खोलीभर पाय. भिंतीच्या फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले, गुडघ्यापासून खालचे, मांडीपासून खालचे, काही लहान मुलांचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. अकरा वर्षांपूर्वीही ते असेच होते आणि अकरा वर्षांपूर्वीही त्यानं सांगितलं होतं, की ही प्लास्टरची भुकटी टेपेला वाईट, यंत्र दुसरीकडे हलवा. कोण हलवतंय. त्याऐवजी बाईंनी दर सोमवारी ओल्या फडक्यानं सगळी खोली पुसायला घेतली होती. अर्थात टेपमशीन एकदाही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर तो आला असता, निदान त्याच्या कंपनीतलं कुणीतरी आलं असतं, आणि आल्यावर त्या माणसानं रकाना बघितला असता. पण बाईंनी यंत्राला बिघडू दिलं नाही. ज्याचं भलं करायला जावं तेच उलटतं म्हणतात, ते हेच असावं, असं त्याला वाटलं आणि मग लाज वाटली, कारण उलटलं होतं ते दुसऱ्याच कुणामुळे.

"शुक्रवारी माझा शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या. "रिटायर. म्हणून तुम्हाला एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा की."

"मला एकदा बघायचंय. टेपमध्ये काय असतं ते. म्हणजे मला माहितीये, मापं असतात. पण अकरा वर्षं रोज संध्याकाळी ती टेपेची वडी डब्यात घालून घरी नेते, दुसऱ्या दिवशी दुसरी आणते. इथे आग लागली, पाणी शिरलं, तरी माझ्या घरी एक प्रत सुरक्षित. तुम्हीच सांगितलं होतंत ना तेव्हा? तर एकदा उघडून दाखवा. एकाच माणसाचं उघडलंत तरी चालेल."

"बघू," तो म्हणाला. "जुनं मशीन काढायच्या आधी जमलं तर."

हे शेवटचं वाक्य त्यानं उगीच म्हटलं नव्हतं. नवीन यंत्र इतक्या जुन्या टेपा वाचत नाही. टेपेच्याही पिढ्या असतात. नातवाला पणजोबांची बोली कळत नाही तसं होतं. जुनं यंत्र एकदा कपाटातून बाहेर आलं, भंगारात गेलं, की बाईंच्या आलटून पालटून वापरायच्या दहाही टेपांवर काय आहे ते कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. बिचाऱ्या टेपा, नवीन मशीनला चालत नाहीत हो, एवढं सांगितलं की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई डबा आणायला आपल्या टेबलाकडे गेल्या आणि तो एकदाचा गुडघ्यावर खाली बसला. चार स्क्रू. त्यानं पहिला सोडवला. हातांना कशाचंच काही नसतं. ते तीस वर्षं स्क्रू सोडवत आले होते.

दुसरा स्क्रू सोडवता सोडवता त्यानं स्वतःला समजावलं. त्या दिवशी अण्णांना हॉस्पिटलात नेलं होतं. हे त्याला पक्कं आठवत होतं. टेपमशीन बसवून झालं होतं, पहिली खूण हिरवी आली होती, आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला, की अण्णांना ॲडमिट केलंय, तसेच या. तो हातातलं काम टाकून धावला होता. आता बाप हॉस्पिटलात असताना कोण टेपा तपासत बसेल? बायको अजूनही पाहुण्यांना सांगायची : यांचं ना, कामावरून तसंच्या तसं धावत येणं, पायात धड बूटसुद्धा नव्हते. बुटांचं तिनं कुठून आणलं देव जाणे, पण गोष्ट सांगून सांगून तेही खरं झालं होतं. अण्णा शिंपी. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच मशीनवर. हॉस्पिटलातून ते घरी आलेच नाहीत. बारा दिवसांत आटोपलं. ते बारा दिवस त्याला अजून वासासकट आठवतात, फिनेलचा वास, कॉरिडॉरमधलं प्लास्टिकचं बाक, अण्णांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा, सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचा जुना वळ, जो शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा या कार्यशाळेतली एक तपासणी राहून गेली असेल तर राहून गेली. माणूस आहे. एवढं तर कुणीही समजून घेईल.

पण काय राहून गेलं होतं नेमकं? ते बघितल्याशिवाय राहवेना. दोन स्क्रू तसेच ठेवून तो उठला आणि सर्व्हरचा पडदा चालू केला. टेपमशीनला नेमून दिलेलं रोजचं काम उघडलं. काय उतरवायचं, या प्रश्नापुढे एकच फोल्डर लिहिलेलं होतं : चाचणी. झालं. त्याला सगळं उमगलं, आणि इतक्या लगेच उमगलं की आतून कुठेतरी ते आधीपासून माहीत असावं. यंत्र नवीन बसवलं की आधी एक लहानसं फोल्डर करायचं. त्यात काहीतरी चार शब्द लिहून ठेवायचे, मनात येईल ते. तेवढंच टेपेवर उतरवायचं, दोन मिनिटांचं काम. मग ते टेपेवरून परत उतरवून बघायचं, शब्द जसेच्या तसे आले की चाचणीचं फोल्डर काढून टाकायचं आणि खऱ्या मापांचं फोल्डर नेमून द्यायचं. त्यानं पहिली पायरी केली होती, खूण हिरवी आली होती, आणि तो उठून गेला होता. यंत्राचा काही दोष नव्हता. यंत्राला जे सांगितलं ते यंत्र अकरा वर्षं, सुट्ट्या वगळून, रोज संध्याकाळी साडेपाचला बटण दाबलं की करत आलं होतं. रोज ते चार शब्द. रोज हिरवी खूण. आणि बाई ते चार शब्द डब्यात घालून घरी नेत होत्या.

चाचणीच्या फोल्डरमध्ये काय लिहिलं होतं ते मात्र त्याला आठवेना. काहीही असेल. तो असा दर ठिकाणी काहीबाही लिहायचा, कधी आपलंच नाव, कधी घरी न्यायच्या सामानाची यादी. ते उघडून बघायला दोन क्षण पुरले असते, पण त्याचा हात पुढे गेला नाही. त्याऐवजी तो कपाटाचं दार लावायला वळला आणि दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात त्याला तो कागद दिसला. काम पूर्ण झाल्याचा दाखला. बसवणी, केबल, पहिली प्रत, परत उतरवून पाहिले : चारही चौकटींत बरोबरच्या खुणा. खाली त्याची सही. सही तेव्हा जरा ऐटदार असायची, शेवटच्या अक्षराला शेपूट. आणि तारीख. चौदा मार्च.

त्यानं तारीख पुन्हा वाचली. अण्णांना ॲडमिट केलं दोन मेला. ही तारीख चुकणं शक्य नव्हतं, बारा दिवस आणि पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजलं जात होतं. चौदा मार्चला अण्णा धडधाकट होते. चौदा मार्चला अण्णा दुकानात बसून कुणाच्या तरी पँटीची कंबर सैल करत असणार. मग बायकोचा फोन? तो आला होता, पण तो मे महिन्यात, दुसऱ्याच कुठल्यातरी ऑफिसात असताना. तिथून तो धावला होता हे खरं. इथून नाही. इथून तो नुसताच गेला होता. कधीतरी या अकरा वर्षांत त्यानं दोन दिवस एकमेकांना जोडून टाकले होते, चांगलं कापड बघून ठिगळ लावावं तसे, आणि शिवण इतकी बेमालूम बसली होती की त्यालाच सापडत नव्हती. तो कपाटाला टेकून उभा राहिला. चौदा मार्चला मग काय झालं होतं? त्यानं आठवायचा प्रयत्न केला. काही नाही. दुपारचं ऊन, ही खोली, हे पाय. पुढे कोरं. आजारपण नाही, भांडण नाही, अपघात नाही. माणसाला सबब तरी धड असावी. याच्याजवळ होती तीही गेली. एवढा दमलेला तो गेल्या कित्येक दिवसांत नव्हता, आणि आज तर दोनच स्क्रू सोडवून झाले होते.

खिशातला फोन वाजला. कार्यशाळेचे व्यवस्थापक, बाहेरगावाहून. "काय टेपवाले, चारपर्यंत होईल ना? जुनं भंगारात टाकून द्या. दाखल्यावर सही करून बाईंकडे ठेवा, मी आल्यावर बघतो." होईल, तो म्हणाला. चारपर्यंत सहज झालं असतं. जुनं काढायचं, नवीन बसवायचं, यावेळी फोल्डर नीट नेमायचं, आणि शुक्रवारी बाई रिटायर. कुणाचं काही अडलं नव्हतं. मधे दोनदा सर्व्हरच्या डिस्का गेल्या होत्या, पण जोडीतली एकेकच गेली, दुसरीवर सगळं शाबूत होतं. देव तारी त्याला कोण मारी. कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं, हे तो मनाशी दोनदा म्हणाला. मग तिसरा स्क्रू सोडवला.

बाई डबा घेऊन आल्या. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, झाकणावरचं चित्र झिजून नुसता गुलाबी डाग राहिलेला, आत फ्लॅनेलचं फडकं आणि फडक्यात टेप. "ही कालची," त्यांनी टेप दोन्ही हातांनी पुढे केली. "घरात हिच्यासाठी कपाटातला एक कप्पा आहे. आमचे हे म्हणायचे, एवढी तर तू मला कधी जपली नाहीस. एकदा मला ताप होता, एकशे तीन. तरी म्हटलं आजची टेप इथेच राहिली तर? रिक्षानं आले, बटण दाबलं, दोन मिनिटं, टेप घेतली, गेले. हे दारात उभे. म्हणाले, आता तुझ्या त्या मशीनवाल्याचीच पूजा मांडतो." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "एक मात्र मनाला लागून राहिलंय. तो सुतार. दोन वर्षं झाली. कुणाच्यातरी हातून त्याचं सगळं पुसलं गेलं, उजव्या पायाची मापं, तेरा वर्षांच्या नोंदी. मी म्हटलं, अहो माझ्याकडे टेप आहे, टेपवाल्यांना बोलवा. पण साहेब म्हणाले, कोण त्या भानगडीत पडतंय, माणूस जिवंत आहे, पुन्हा माप घ्या. घेतलं. पण तो पाय पहिल्यासारखा बसला नाही. अजून येतो, जखम दाखवतो. म्हणून म्हटलं, उघडणारच असाल तर त्याचंच उघडा. टेपा फिरून फिरून वापरतो आपण, तेव्हाचं आता नसेल, मला कळतं. पण एक टेप मी तेव्हाच बाजूला काढून ठेवली होती. वापरली नाही पुन्हा. ही बघा." आणि फडक्याच्या खालून त्यांनी दुसरी टेप काढली. तिच्यावर लाल शाईत लिहिलं होतं : सुतार, उजवा. पुसू नये.

तो त्या टेपेकडे बघत राहिला. कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं, हेही गेलं. बाई रिकामी टेप उराशी धरून दोन वर्षं बसल्या होत्या आणि कुठेतरी एक सुतार रोज सकाळी न बसणारा पाय बांधत होता. त्या वेळी साहेबांनी त्याला बोलावलं असतं तर सगळं तेव्हाच उघडकीला आलं असतं. बोलावलं नाही म्हणून तो वाचला होता, आणि वाचल्याचं आज कळत होतं. चौथा स्क्रू राहिला होता. पेचकस हातातच होता. नवीन मशीनला चालत नाहीत हो. सहा शब्दसुद्धा नव्हते. बाईंचा विश्वास बसला असता, त्यांनी वाईट वाटून घेतलं असतं आणि टेप पुन्हा फडक्यात गुंडाळून घरी नेली असती, कपाटातल्या कप्प्यात, मरेपर्यंत. ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि का कोण जाणे, त्याला ते सहन झालं नाही. तो खाली बसला आणि सोडवलेले तिन्ही स्क्रू एकेक करून परत लावले.

"बाई," तो म्हणाला, "टेप द्या. पण आधी सांगून ठेवतो. यात सुताराचं काही असणार नाही."

"का?"

"बघा म्हणजे कळेल."

टेप आत गेली. जुनं यंत्र कुरकुरलं, खाकरलं, टेप ओढून घेतली. पडद्यावर एक ओळ उमटली : फोल्डर एक, फाइल एक. परत उतरवायचं? त्यानं हो केलं. अकरा वर्षांपूर्वी जे दाबायचं राहिलं होतं ते बटण हेच. अर्ध्या मिनिटात फाइल समोर आली. तारीख चौदा मार्च, वेळ दुपारचे सव्वातीन. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं : "चाचणी. अण्णांचा फोन. शर्ट ट्रायलला आलाय. आज संध्याकाळी जाऊन येणे."

तो शर्ट त्याच्याकडे होता. अण्णा गेल्यावर दुकान रिकामं करताना सापडला होता, फिक्या निळ्या रंगाचा, पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी जोडलेला, बाह्या टाचण्यांवर लावलेल्या, आतल्या बाजूला खडूनं त्याचं घरातलं नाव. अण्णांचा नियम होता, ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही, मग गिऱ्हाईक राजा असो की पोटचा पोरगा. मापं काय, कागदावर सगळी बरोबरच असतात, ते म्हणायचे, अंगात घालून बघितल्याशिवाय कपड्याचं खरं कळत नाही. शर्ट बघून त्याला वाटलं होतं, अण्णांनी शेवटी शेवटी गुपचूप शिवायला घेतला असेल, सांगायचं राहून गेलं असेल. या समजुतीनं तो तेव्हा रडलाही होता. पण सांगायचं राहून गेलं नव्हतं. अण्णांनी फोन केला होता, बोलावलं होतं. पुढच्या सात आठवड्यांत तो तीनचारदा तरी अण्णांकडे जाऊन आला होता, आणि अण्णांनी शर्टाचा विषय काढला नव्हता. त्यांचा स्वभावच तसा. एकदा बोलावलं, आला नाहीस, आता पुन्हा सांगणार नाही. वाट बघतील, पण बोलणार नाहीत. शर्ट दुकानातल्या खुंटीवर सात आठवडे ट्रायलची वाट बघत होता, आणि तो दर वेळी त्या खुंटीखालच्या खुर्चीत बसून चहा पिऊन येत होता.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. सगळ्या टेपांवर एवढंच आहे, बाई. अकरा वर्षं. मी चाचणीचं फोल्डर लावलं आणि ते बदलायचं विसरलो. विसरलो म्हणजे केलंच नाही. तपासलं असं लिहून सही केली आणि गेलो. तुमची काही चूक नाही. यंत्राची नाही. माझी आहे."

बाईंनी रजिस्टर जवळ ओढलं, एक पान बघितलं, बंद केलं. मग लाल शाईची टेप यंत्रातून स्वतःच काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. "म्हणजे सुताराचं जुनं माप आता कुठेच नाही."

"नाही."

"ताप होता मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बहिणीच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस आधी जायचं होतं, गेले नाही. टेप कोण नेईल म्हणून." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या ओरडतील असं त्याला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठून बाहेर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत गेला आणि थांबला. तो तसाच बसून राहिला. चला, त्याला वाटलं, साहेबांना फोन गेला. नोकरी जाईल किंवा जाणार नाही, याचं त्याला फारसं काही वाटेना. एवढ्या वर्षांच्या शिणापुढे ती फारच लहान गोष्ट वाटत होती. बाई परतल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वतःच्या टेबलामागची खुर्ची होती, पाठ असलेली. ती त्यांनी कपाटासमोर मांडली आणि बसल्या.

"साहेबांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "आणि आता नीट करा. मी बघते."

त्यानं नीट केलं. जुनं काढलं, नवीन सरकवलं, चारही स्क्रू आवळले, केबल बसेपर्यंत दाबली. चाचणीची फाइल करायची वेळ आली तेव्हा त्याचे हात पहिल्यांदा थांबले. काय लिहावं ते सुचेना. बाई म्हणाल्या, "लिहा, बाई समोर बसल्या होत्या." त्यानं तेच लिहिलं. टेपेवर उतरवलं, परत उतरवलं, बाईंनी वाचून बघितलं, मग चाचणीचं फोल्डर पुसलं आणि बाईंच्या देखत सगळ्या मापांचं फोल्डर नेमलं. नवीन यंत्र घरघरू लागलं. पडद्यावर टक्के चढू लागले, दोन, तीन, पाच. चार वाजून गेले. त्याला उठून जायचं नव्हतं आणि बसवतही नव्हतं. बाई आपल्या खुर्चीत आणि तो स्टुलावर, समोर नंबर घातलेले पांढरे पाय. बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, "उद्या सुतार यायचाय. त्याला काय सांगू?" "मी येतो," तो म्हणाला, "मी सांगतो." सगळं उतरून झालं तेव्हा बाईंनी एक नंबर सांगितला, कागद न बघता. एका सहा वर्षांच्या मुलीच्या डाव्या पायाची मापं टेपेवरून परत आली, पोटरी, घोटा, टाच, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं : दर सहा महिन्यांनी वाढवणे. बाईंनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ते वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. मग मान हलवली.

"गेला होतात का?" त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"कुठे?"

"त्या दिवशी. अण्णांकडे. शर्टाला."

सबब तोंडाशी आली. अण्णा हॉस्पिटलात होते, हे शब्द अकरा वर्षं घासून इतके गुळगुळीत झाले होते की आपोआप बाहेर पडले असते. पण मधल्या दोन तासांत त्याला बाकीचंही आठवलं होतं. टेपेचं यंत्र घरघरत असताना, टक्के चढत असताना, काही न करता ते आलं होतं. इथून तो सरळ घरी गेला होता. बूट न काढता पलंगावर पडला होता. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं.

"नाही," तो म्हणाला. "घरी जाऊन झोपलो."

बाईंनी पेन उचललं. "लागली का झोप?"

"लागली," तो म्हणाला. "छान लागली. बायकोनं उठवलं तेव्हा अंधार झाला होता."

बाईंनी रजिस्टरमध्ये तारीख लिहिली, टेपचा नंबर लिहिला, खूण आली असं लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं : एक तास बावन्न मि. मग सहीच्या रकान्यावर बोट ठेवून रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं.